सही न करणारा देशभक्त : जॉन डिकिन्सन

गेल्या वर्षी पाच महिने मी मुलीकडे राहायला होतो. तिचे घर अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, विल्मिंग्टन शहराजवळ. संध्याकाळी नातवाला पोहण्याच्या क्लासहून आणायला निघालो की वाटेत एका शाळेची पाटी लागे : जॉन डिकिन्सन हायस्कूल. पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवल्यामुळे पाट्यांवरची नावे वाचायची खोड मला जडली आहे. हा कोण, असे मी मुलीला विचारले, जावयाला विचारले, शेजारच्या गृहस्थांनाही विचारले. शेवटी उत्तर दिले ते नातवाने. "आजोबा, त्याने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली नव्हती." आणि थोडे थांबून त्यानेच विचारले, "मग त्याच्या नावाने शाळा कशी?"

प्रश्न सोपा वाटला म्हणून मी गावातल्या सार्वजनिक वाचनालयात गेलो आणि मग पाच महिने तिथेच जात राहिलो. जॉर्ज वॉशिंग्टन, जेफरसन, फ्रँकलिन ही नावे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. डिकिन्सन मात्र त्याच्या स्वतःच्या देशातही बराचसा विस्मरणात गेलेला आहे. जिथे तो आठवतो, तिथे बहुधा खलनायक म्हणून. १९६९ मध्ये ब्रॉडवेवर '१७७६' नावाचे संगीत नाटक आले आणि खूप गाजले. त्यात स्वातंत्र्याच्या आड येणारा, राजनिष्ठ, श्रीमंत डिकिन्सन आहे. अनेक अमेरिकनांना तो तेवढाच माहीत आहे.

कागदपत्रे मात्र वेगळे सांगतात. १७६५ पासून १७८८ पर्यंत, म्हणजे इंग्रजांच्या कराविरुद्धच्या पहिल्या ठरावापासून नव्या राज्यघटनेच्या स्वीकारापर्यंत, त्या देशात जे महत्त्वाचे मसुदे लिहिले गेले त्यांपैकी अनेकांवर या माणसाचा हात फिरलेला आहे. एका कागदावर तेवढा नाही. आणि इतिहासाने नेमका तोच कागद चौकटीत लावला.

१

डिकिन्सनचा जन्म १७३२ चा, मेरीलँडमधला. वडील सॅम्युअल तंबाखू आणि धान्य पिकवणारे मोठे जमीनदार आणि न्यायाधीश. आई मेरी कॅडवालडर ही फिलाडेल्फियाच्या क्वेकर घराण्यातली. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला एक शांततावादी पंथ. शस्त्र धरू नये, शपथ घेऊ नये, अन्यायाला विरोध करावा पण हिंसेने करू नये, अशी त्यांची शिकवण. डिकिन्सन पुढे या पंथाचा रीतसर सभासद राहिला नाही आणि बचावासाठी केलेले युद्ध त्याला मान्य होते. तरीही आईकडून आलेला हा संस्कार त्याच्या राजकारणात शेवटपर्यंत दिसतो.

१७४० च्या सुमारास कुटुंब डेलावेअरमध्ये, डोव्हर गावाजवळच्या शेतीवर येऊन राहिले. तरुण जॉन आधी फिलाडेल्फियात आणि १७५३ पासून चार वर्षे लंडनच्या मिडल टेंपलमध्ये कायदा शिकला. ब्रिटिश संसद त्याने जवळून पाहिली. इंग्रजी कायद्याविषयी त्याला मनापासून आदर वाटू लागला आणि तो कायदा राबवणाऱ्या माणसांविषयी तितकीच शंका. परत आल्यावर फिलाडेल्फियातल्या नामवंत वकिलांत त्याची गणना होऊ लागली.

त्याच्या स्वभावाची पहिली चुणूक १७६४ मध्ये दिसते. पेनसिल्व्हेनिया तेव्हा पेन घराण्याच्या मालकीची वसाहत होती. ती थेट राजाच्या अमलाखाली आणावी, अशी चळवळ बेंजामिन फ्रँकलिनने चालवली होती. फ्रँकलिन हा शहरातला सर्वांत लोकप्रिय माणूस. एकतीस वर्षांच्या डिकिन्सनने विधिमंडळात उभे राहून विरोध केला. पेन मंडळी चांगली आहेत, असे त्याचे म्हणणे नव्हतेच. जुनी सनद हातची सोडली तर तिच्यातले हक्क नव्या व्यवस्थेत मिळतील याची हमी काय, एवढा त्याचा प्रश्न होता. हातातली दोरी सोडण्याआधी दुसरी दोरी घट्ट धरलेली असावी, हे सूत्र इथे पहिल्यांदा भेटते. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला मुद्रांक कराविरुद्ध वसाहतींची परिषद भरली. तिचा हक्कांचा जाहीरनामा लिहिण्यात डिकिन्सनचा वाटा मोठा होता.

२

त्याला खरी कीर्ती मिळाली ती डिसेंबर १७६७ नंतर. ब्रिटिश संसदेने काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसवली होती. रक्कम किरकोळ होती. फिलाडेल्फियाच्या वृत्तपत्रांतून दर आठवड्याला एक याप्रमाणे 'पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतकऱ्याची पत्रे' प्रसिद्ध होऊ लागली. एकूण बारा. लेखक स्वतःला नदीकाठी राहणारा, थोडी जमीन आणि थोडी पुस्तके बाळगून असलेला समाधानी शेतकरी म्हणवत होता. हा शेतकरी प्रत्यक्षात शहरातला बडा वकील आहे, हे लोकांना नंतर कळले.

पत्रांतला युक्तिवाद वकिलाचा आहे, पण भाषा कुणालाही समजेल अशी. व्यापाराचे नियमन करण्यासाठी संसदेने जकात बसवणे वेगळे आणि वसाहतींकडून महसूल उकळण्यासाठी बसवणे वेगळे. पहिली गोष्ट साम्राज्याच्या व्यवस्थेचा भाग झाली. दुसरी म्हणजे ज्यांना संसदेत प्रतिनिधीच नाही, त्यांच्या खिशात हात. आणि कर लहान आहे हाच खरा धोका. मोठ्या कराला लोक लगेच विरोध करतात, लहान कर मुकाट्याने भरतात, आणि एकदा पायंडा पडला की रक्कम वाढवणे अवघड नसते.

ही पत्रे वसाहतींतल्या बहुतेक सगळ्या वृत्तपत्रांनी पुन्हा छापली. बॉस्टनच्या नागरिकांनी सभा भरवून 'शेतकऱ्या'चे जाहीर आभार मानले. लंडनच्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली ती जुना प्रतिस्पर्धी फ्रँकलिन याने. फ्रेंच भाषांतरही निघाले. टॉमस पेनची पुस्तिका १७७६ मध्ये येईपर्यंत अमेरिकेत एवढे वाचले गेलेले दुसरे राजकीय लेखन नव्हते.

यापुढचा एक कागद वाचताना मी वाचनालयात ताठ होऊन बसलो. १७७३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला अमेरिकेत थेट चहा विकण्याची सवलत मिळाली, तेव्हा फिलाडेल्फियात 'रस्टिकस' या टोपणनावाने एक पत्रक निघाले. ते डिकिन्सनचे मानले जाते आणि त्याच्या लेखसंग्रहात छापलेले आहे. त्यात तो कंपनीची आशियातली कर्तबगारी सांगतो : या लोकांनी तिथे युद्धे पेटवली, राज्यकर्त्यांना पदच्युत केले, धान्य अडवून ठेवले आणि लाखो माणसे भुकेने मेली. हा उल्लेख १७७० च्या बंगालच्या दुष्काळाचा. हीच मंडळी आता आपल्या किनाऱ्याकडे वळली आहेत, सावध व्हा, असे तो आपल्या लोकांना बजावतो. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला होता आणि त्या भाऊबंदकीत शिरायला हीच कंपनी मुंबईत बसून वाट पाहत होती. दोन वर्षांनी सुरतेचा तह करून ती शिरलीही. कंपनी काय चीज आहे हे सात समुद्रांपलीकडचा एक वकील वर्तमानपत्रे वाचून ओळखू शकला. आपल्या रघुनाथरावांना ती घरात घ्यावीशी वाटली.

३

१७७५ च्या एप्रिलमध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये गोळीबार झाला आणि प्रश्न पत्रकांच्या पलीकडे गेला. त्या उन्हाळ्यात डिकिन्सनने दोन मसुदे लिहिले. एक राजाकडे पाठवायचा समेटाचा अर्ज. दुसरा, जेफरसनच्या कच्च्या खर्ड्यावरून नव्याने लिहिलेला, आम्ही शस्त्र का उचलले याचा जाहीरनामा. एका हाताने अर्ज, दुसऱ्या हाताने तलवार. मॅसॅच्युसेट्सच्या जॉन अॅडम्सला हे असह्य झाले. त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रात डिकिन्सनची, नाव न घेता, संपत्ती मोठी आणि बुद्धी क्षुल्लक अशी संभावना केली. ते पत्र इंग्रजांच्या हाती पडले आणि त्यांनी ते आनंदाने छापले. सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाच्या रस्त्यात दोघे समोरासमोर आले. अॅडम्सने टोपी काढून अभिवादन केले, डिकिन्सन मान न हलवता पुढे गेला. हे अॅडम्सनेच आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे.

राजाने अर्ज घेतलाच नाही. ऑगस्टमध्येच त्याने वसाहती बंडखोर ठरवल्या होत्या. समेटाची वाट बंद झाली हे १७७६ च्या वसंतापर्यंत डिकिन्सनलाही कळून चुकले असावे, कारण जूनमध्ये वसाहतींच्या संघराज्याचा पहिला मसुदा लिहायला तोच बसला होता. ज्याला राजाचे राज्य कायम हवे असते, तो असले काम अंगावर घेत नाही.

१ जुलै १७७६ रोजी स्वातंत्र्याच्या ठरावावर चर्चा झाली. त्याने केलेल्या भाषणाची टिपणे उपलब्ध आहेत, ती १९४१ मध्ये छापली गेली. आरंभीच तो म्हणतो की, या भाषणाने आपली उरलीसुरली लोकप्रियता संपणार हे आपल्याला कळते, पण या घडीला गप्प बसणे अपराध ठरेल. मग तो कारणे देतो. फ्रान्स मदत करील अशी आशा आहे, करार नाही. वसाहतींचे आपापसांत सीमेचे तंटे आहेत आणि त्यांना बांधणारा संघराज्याचा कायदा अजून कच्चा आहे. जाहीरनाम्याने एकही तोफ वाढणार नाही, उलट शत्रू अधिक निर्दय होईल. आधी घर बांधा, मग जुने पाडा. कागदाच्या होडीत बसून वादळात जायला निघालो आहोत, अशी प्रतिमा त्याने वापरली आहे.

अॅडम्सने उत्तर दिले, आणि त्याचाही मुद्दा भक्कम होता. स्वतःला स्वतंत्र म्हणवून न घेणाऱ्या बंडखोरांशी कोणता राजा करार करील? आधी जाहीरनामा, मगच मित्र. १७७८ च्या फेब्रुवारीत फ्रान्सने तह केला तेव्हा अॅडम्सचे म्हणणे खरे ठरले. आणि संघराज्याचा करार लागू व्हायला १७८१ उजाडले, मधल्या काळात सैन्याला पगार नव्हता की कपडे, तेव्हा डिकिन्सनची भीतीही खरी ठरली. इतिहासात दोन्ही बाजू बरोबर निघण्याचे प्रसंग आपण समजतो तितके दुर्मिळ नसतात.

त्या दिवशीच्या पहिल्या मतदानात नऊ वसाहती ठरावाच्या बाजूने गेल्या. पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलायना विरुद्ध, डेलावेअरची मते समसमान, न्यूयॉर्क तटस्थ. अंतिम मत दुसऱ्या दिवसावर गेले. डेलावेअरचा तिसरा प्रतिनिधी सीझर रॉडनी आजारी असतानाही रात्रभर घोडदौड करून आला, त्याची गोष्ट तिथल्या मुलांना पाठ असते. पेनसिल्व्हेनियात जे घडले त्याला मात्र घोडा नव्हता. सातांपैकी डिकिन्सन आणि रॉबर्ट मॉरिस हे दोघे सभागृहात आपल्या जागी बसलेच नाहीत. उरलेल्या पाचांत तीन विरुद्ध दोन असा कौल स्वातंत्र्याच्या बाजूने गेला. ते दोघे बसून विरुद्ध मत देते तर पेनसिल्व्हेनिया, सर्वांत मोठ्या शहराची वसाहत, ठरावाविरुद्ध नोंदली गेली असती.

हे न बसणे मला रॉडनीच्या घोडदौडीइतकेच महत्त्वाचे वाटते. मत बदलल्याचे सोंग त्याने केले नाही. पण आपले मत हरले आहे हे कळल्यावर देशाची एकी मोडण्याइतके ते मोठेही मानले नाही. रॉबर्ट मॉरिसने पुढे ऑगस्टमध्ये जाहीरनाम्यावर सही केली. डिकिन्सनने कधीच केली नाही.

४

मग तो काय करत होता? फिलाडेल्फियाच्या नागरी सैन्यातल्या एका पलटणीचा तो कर्नल होता. जुलैमध्येच ती पलटण घेऊन तो न्यूजर्सीतल्या एलिझाबेथटाउनला गेला. समोर स्टेटन बेटावर इंग्रजांची फौज उतरलेली होती. ज्या जाहीरनाम्याला त्याने विरोध केला, त्याच्या रक्षणासाठी काँग्रेसमधले फार थोडे सदस्य रणांगणावर गेले. त्यांत हा एक. तो छावणीत असतानाच २० जुलैला पेनसिल्व्हेनियाने त्याला काँग्रेसमधून वगळले. सप्टेंबरमध्ये त्याने कर्नलपद सोडले.

पुढचे काही महिने त्याच्या बाजूने सांगण्यासारखे नाहीत. डिसेंबरात इंग्रज फिलाडेल्फियाकडे सरकत असताना त्याने भावाला चिठ्ठी पाठवली की, कर्जफेडीत काँग्रेसचे कागदी चलन घेऊ नकोस. चिठ्ठी पकडली गेली आणि बोभाटा झाला. सावधपणा आणि घाबरटपणा यांतली रेघ त्याने इथे ओलांडली, असे माझे मत आहे. पण १७७७ मध्ये हा माजी कर्नल, देशातला एक धनाढ्य माणूस, डेलावेअरच्या नागरी सैन्यात साधा शिपाई म्हणून बंदूक घेऊन उभा राहिला. त्याच वर्षी इंग्रजांनी फिलाडेल्फियाजवळचे त्याच्या पत्नीकडचे फेअरहिल हे घर जाळले. १७८१ मध्ये डोव्हरजवळचे घर राजनिष्ठांच्या टोळीने लुटले. दोन्हीकडच्यांनी त्याला आपला मानले नाही.

लोकांनी मात्र मानले. १७७९ मध्ये तो डेलावेअरतर्फे काँग्रेसमध्ये परतला आणि संघराज्याच्या करारावर त्याने सही केली. १७८१ मध्ये डेलावेअरचा आणि १७८२ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा अध्यक्ष झाला. त्या निवडणुकीत विरोधकांनी १७७६ चे प्रकरण वृत्तपत्रांतून पुन्हा उकरले. त्याने जाहीर उत्तर दिले : विरोध स्वातंत्र्याला नव्हता, वेळेला होता, आणि निर्णय झाल्यावर मी तो माझाच मानला.

१७८७ मध्ये नवी राज्यघटना लिहायला प्रतिनिधी जमले, तेव्हा तो डेलावेअरतर्फे आला. लहान राज्यांना मोठ्या राज्यांइतकाच आवाज एका सभागृहात मिळाला पाहिजे, हा आग्रह धरणाऱ्यांत तो होता. अमेरिकेच्या सिनेटमध्ये आजही प्रत्येक राज्याचे दोनच सदस्य असतात, ते या तडजोडीमुळे. गुलामांची आयात चालू ठेवण्याच्या कलमालाही त्याने विरोध केला. तब्येत बिघडल्यामुळे शेवटच्या दिवशी त्याला थांबता आले नाही. जाताना त्याने सहकारी जॉर्ज रीडला पत्र लिहून आपल्या नावाने सही करण्याचा अधिकार दिला. १७ सप्टेंबर १७८७ च्या त्या कागदावर डिकिन्सनचे नाव आहे, अक्षर रीडचे आहे. पुढच्या वर्षी 'फेबियस' या टोपणनावाने नऊ पत्रे लिहून त्याने त्या घटनेची बाजू मांडली.

५

निघण्याआधी मी जावयाबरोबर डोव्हरजवळचे त्याचे घर पाहून आलो. विटांचे जुने घर, भोवती सपाट शेते, आणि जवळच्या हवाईदलाच्या तळावरून उडणारी अवजड विमाने. राज्य सरकारने ते जपले आहे. २०२१ मध्ये त्या आवारात एक जुने दफनस्थान सापडले. तिथे राबलेल्या कृष्णवर्णीय गुलाम आणि मुक्त माणसांचे ते असावे, असे संशोधकांचे मत आहे.

'शेतकऱ्या'च्या पत्रांत, संमतीशिवाय ज्यांच्यावर कर लादला जातो ते गुलाम, असे वाक्य आहे. ते लिहिणाऱ्याच्या शेतावर खरे गुलाम नांगर धरत होते. १७७७ मध्ये त्याने त्यांना मुक्त करण्याचा दस्तऐवज केला, पण अट घातली आणखी एकवीस वर्षे चाकरी करण्याची. नऊ वर्षांनी, १७८६ मध्ये, बिनशर्त मुक्ती दिली. त्या काळच्या पुढाऱ्यांत हे पाऊल मोठे होते. वॉशिंग्टनने मृत्युपत्रापर्यंत थांबणे पसंत केले आणि जेफरसनने बहुतेकांना कधीच सोडले नाही. तरी ती एकवीस वर्षांची अट मला सलते. थांबा, घाई नको, आधी व्यवस्था लागू द्या, हा सल्ला राजाशी भांडताना शहाणपणाचा असू शकतो. पण ज्याच्या पायात बेडी आहे त्याला तो सल्ला बेडीच्या मालकाने द्यावा, हे कसे पटावे? सबुरीची किंमत कोण मोजतो, हे पाहिल्याशिवाय सबुरीचे मोल ठरत नाही. स्वतः डेलावेअरने तर याबाबतीत फारच सबुरी दाखवली. तिथली गुलामगिरी १८६५ मध्ये देशाच्या घटनादुरुस्तीनेच संपली.

डिकिन्सन १४ फेब्रुवारी १८०८ रोजी विल्मिंग्टनमध्ये वारला आणि क्वेकरांच्या दफनभूमीत त्याला पुरले. राष्ट्राध्यक्ष जेफरसनने त्याच्याविषयी अत्यंत आदराने लिहिले आणि काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी दुखवटा पाळला. पुढे जॉन ट्रंबुलने जाहीरनाम्याचे प्रसिद्ध तैलचित्र काढले, त्यात सही न केलेला डिकिन्सनही उभा आहे.

नातवाला मी हे सगळे माझ्या मोडक्या इंग्रजीत आणि त्याच्या मोडक्या मराठीत सांगितले. त्याला बंदूक घेतलेला शिपाई आवडला, एकवीस वर्षांची अट आवडली नाही. माझेही तेच.

मला मात्र माझा वर्ग आठवत राहिला. 'मवाळ व जहाल यांतील फरक स्पष्ट करा' हा हमखास येणारा प्रश्न. फळ्यावर मी दोन रकाने आखायचो. एकीकडे अर्ज, विनंत्या, सनदशीर मार्ग. दुसरीकडे चळवळ, बहिष्कार, त्याग. मुले कुठल्या रकान्याकडे झुकणार हे आखतानाच ठरलेले असे, आणि मीही ते तसेच ठरू देत असे. आता पुन्हा फळ्यापाशी उभा राहिलो, तर तिसरा रकाना आखीन. मत हरल्यानंतर या माणसाने काय केले, हे त्यात लिहायला सांगीन.